कपाट नंतर उघडा, आधी घड्याळ लावा

पत्र:

आमच्या शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. एका वर्गात साधारण ३६ मुलं. गेल्या सहा वर्षांत ४० टॅब, दोन वर्गांत डिजिटल बोर्ड, २० संगणकांची जुनी लॅब, सात वेगवेगळी ॲप आणि पालकांचे अकरा ग्रुप एवढं जमा झालं आहे. काही विकत घेतलं, काही देणगीत आलं. शिक्षक म्हणतात, शिकवण्यापेक्षा चार्जिंग आणि पासवर्ड यातच तास जातो. मला हा पसारा आवरायचा आहे. पण संस्थाचालकांना वाटतं शाळा मागे पडेल, आणि पालक दुसऱ्या शाळांशी तुलना करतात. काय ठेवू, काय काढू आणि कोणत्या क्रमाने?
ता. क. डिजिटल बोर्डाचा रिमोट दर पंधरवड्याला हरवतो. त्यावर काही उपाय?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर:

बाई, नमस्कार.

पसारा आवरायचा म्हटलं की हात आधी कपाटाकडे जातो. आवरायला म्हणून ते कपाट दोन आठवडे उघडू नका, रोजचा वापर चालू राहू द्या. वस्तू समोर मांडून बसलं की प्रत्येक वस्तू महाग वाटते आणि 'कधीतरी लागेल' या एका वाक्यावर सगळ्याच वाचतात. तुमच्याकडे टंचाई आहे ती तासाच्या मिनिटांची. तेव्हा मोजणीही मिनिटांतच करा.

एक साधी वही घ्या आणि तिच्यात पाच रकाने आखा: तारीख व इयत्ता, वापरलेलं साधन, तास सुरू झाल्यापासून पहिलं कामाचं वाक्य किंवा कृती होईपर्यंत गेलेली मिनिटं, शेवटी आवराआवरीला गेलेली मिनिटं, आणि त्या तासात मुलांनी काय केलं ते एका क्रियापदात. पाहिलं, ऐकलं, लिहिलं, मोजलं, मांडलं, वाद घातला, जे असेल ते. नोंद वर्गातल्याच दोन मुलांकडे सोपवा. शिक्षक शिकवण्याच्या भरात विसरतात, किंवा नकळत मिनिटं कमी लिहितात. वहीत शिक्षकांचं नाव कुठेही येऊ देऊ नका आणि हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. ही वही कुणाच्या मूल्यमापनाला जाणार अशी शंका जरी आली, तरी त्या दोन आठवड्यांत साधनांना कुणी हात लावणार नाही आणि तुमची मोजणी फसेल.

दोन आठवड्यांनी हिशेब करा. समजा, ४० मिनिटांच्या तासात टॅब वाटायला, सुरू करायला आणि लॉगिनला ७ मिनिटं गेली, गोळा करून मोजून परत लावायला ५. म्हणजे १२ मिनिटं. आठवड्यात असे तीन तास आणि वर्षात ३० आठवडे धरले, तर १,०८० मिनिटं, म्हणजे पूर्ण २७ तासिका. एका इयत्तेच्या एका विषयाच्या २७ तासिका नुसत्या वाटपात! आकडा तुमच्या वहीतून आला की शिक्षकांच्या तक्रारीला वजन येतं आणि संस्थाचालकांशी बोलतानाही तोच उपयोगी पडतो.

मग शेवटचा रकाना वाचा. ज्या साधनासमोर सतत 'पाहिलं' आणि 'ऐकलं' एवढंच येतं आणि मिनिटं मात्र भरपूर जातात, ते यादीत सर्वांत खाली. ज्याच्यासमोर 'मोजलं', 'मांडलं', 'पुन्हा केलं' येतं, त्याची दहा मिनिटंही सोसावीत. हा निकष 'चालू आहे की बंद', 'नवं की जुनं' यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे.

उरलेल्या प्रत्येक साधनाला तीन गोष्टी हव्यात: ठरलेलं काम, ठरलेला सांभाळणारा, आणि वीज गेली तर त्याच तासात करायची कागदावरची तरतूद. 'सगळेच बघतात' असा सांभाळणारा म्हणजे कुणीच नाही. तिन्हींपैकी एकही रकाना कोरा राहिला, तर ते साधन सध्या वापरातून बाजूला ठेवा. फेकायची घाई नको.

विचाराची सुरुवात ॲपपासून करा, प्रत्यक्ष बंद मात्र वर्षाच्या शेवटी. ती कपाटात दिसत नाहीत, पण थकवा त्यांच्यामुळेच जास्त येतो. सात ॲपमध्ये बहुधा हजेरी दोन ठिकाणी आणि शिवाय वहीत, गृहपाठ तीन ठिकाणी, गुण दोन ठिकाणी असं चाललेलं असतं. नियम एकच ठेवा: एक माहिती एकदाच आणि एकाच जागी लिहायची. कागदावर 'हजेरी, गुण, गृहपाठ, शुल्क, सूचना, सराव' अशी कामं उभी लिहा आणि प्रत्येकापुढे ती सध्या कुठेकुठे नोंदवली जातात ते आडवं लिहा. ज्या ओळीत एकापेक्षा जास्त नावं येतील, तिथे कात्री लावा. सातांची तीन होणं सहज शक्य आहे. हजेरी व गुणांसाठी एक, सरावासाठी एक, आणि पालकांपर्यंत पोहोचायला एक.

ॲप बंद करताना घाई झाली की नुकसान होतं, म्हणून क्रम पाळा. आधी त्यातली सगळी माहिती उतरवून घ्या, सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) किंवा एक्सेल फाइलमध्ये. ती फाइल उघडून बघा, नुसती जतन करून निश्चिंत होऊ नका. सीएसव्हीवर थेट डबल क्लिक केलं की देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसण्याची तक्रार नेहमीची आहे. फाइल खराब नसते, एक्सेलने अक्षरसंच चुकीचा ओळखलेला असतो. कोरी शीट उघडून 'डेटा' मधल्या 'फ्रॉम टेक्स्ट' मार्गाने फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८ हा अक्षरसंच निवडा, नावं नीट दिसतात. गुणपत्रकांची पीडीएफही वेगळी काढा. ॲप बंद झाल्यावर पाच वर्षांनी कुणी जुने गुण मागितले, तर उत्तर त्यातूनच मिळेल. या फाइलींच्या तीन प्रती असू द्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक शाळेच्या इमारतीबाहेर.

त्यानंतर खातं बंद करायची आणि मुलांची माहिती पुसायची लेखी विनंती कंपनीला करा व उत्तर जपून ठेवा. फोनमधून ॲप काढलं म्हणजे कंपनीकडची माहिती गेली, असा समज बऱ्याच शाळांत असतो. ती तिथेच राहते. २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने महासाथीच्या काळात सरकारांनी पुढे केलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादनं तपासली, तेव्हा त्यातल्या सुमारे ८९ टक्क्यांमध्ये मुलांच्या माहितीची हाताळणी त्यांच्या हक्कांना धोका पोहोचवणारी आढळली. वापरात नसलेलं खातं उघडं ठेवण्यात शाळेचा काहीच फायदा नाही.

इथे एक अडचण जवळजवळ हमखास येते. खातं उघडलेलं असतं एका शिक्षकाच्या वैयक्तिक ईमेलवर, आणि ते शिक्षक शाळा सोडून गेलेले असतात. पुढे सगळी खाती शाळेच्या एकाच कार्यालयीन ईमेलवर उघडा. पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कुलपातल्या वहीत लिहिलेला चालेल. टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठीपेक्षा आणि एका माणसाच्या स्मरणशक्तीपेक्षा तो नक्कीच सुरक्षित. हे सगळं सत्राच्या मध्ये करू नका. वर्ष संपताना, गुण जाहीर झाल्यावर करा.

अकरा ग्रुपचं काम एका संध्याकाळचं आहे. प्रत्येक इयत्तेला एक ग्रुप, त्यात 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' ही सोय चालू, आणि आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी एकत्रित सूचना. अचानक सुट्टी, वाहनाला उशीर, अपघात एवढेच अपवाद. गृहपाठ मुलांच्या डायरीत, ग्रुपवर अजिबात नाही. ग्रुपवर गृहपाठ आला की तो आठवण्याची जबाबदारी मुलाकडून आईकडे जाते. पालकांना शंका विचारायला एक फोन क्रमांक आणि दिवसातली ठरलेली वेळ द्या. पहिले तीन आठवडे कुरकुर होईल, 'काही कळतच नाही हल्ली' असं ऐकावं लागेल. ठरलेल्या वारी सूचना न चुकता गेली, तरच ती थांबते. एक वार चुकला की जुनी सवय परत.

आता टॅब. प्रत्येक मुलाच्या हातात एक, या कल्पनेनेच तुमची बरीच मिनिटं खाल्ली आहेत. ३६ मुलांसाठी १२ टॅब आणि दोन राखीव, एवढे वापरात ठेवा. तिघांत एक. एकाने टॅब हाताळायचा, दुसऱ्याने सूचना वाचायच्या, तिसऱ्याने वहीत नोंद करायची, आणि दर १० मिनिटांनी जागा बदलायच्या. जागा बदलल्या नाहीत तर चलाख मूल टॅब धरून बसतं आणि बाकीचे दोघे खिडकीबाहेर बघतात. बदलासाठी घंटी वाजवायचं काम एका मुलाला द्या.

टॅबवर काय करायचं, यावरच सगळा खेळ आहे. पुस्तकातलं पान पडद्यावर वाचायला टॅब लागत नाही, चार पर्यायांतून एक निवडायलाही लागत नाही. पण स्वतःचं वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकणं, उतारावरून सुटलेल्या चेंडूचं सावकाश चालणारं चित्रण करून वेग मोजणं, पानाच्या शिरा कॅमेऱ्याने मोठ्या करून रेखाटणं, परिपथातला रोध बदलून दिव्याचा प्रकाश कसा बदलतो ते पडताळणं, ही कामं टॅबशिवाय अवघड आहेत. शेवटच्या प्रकारासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स (पडद्यावर करायचे प्रयोग) मोफत आहेत, अनेक मराठीतही आहेत, आणि आधी उतरवून ठेवली तर इंटरनेटशिवाय चालतात. प्रत्येक विषयाने वर्षभरासाठी अशी सहा कामं निवडली तरी पुष्कळ झाली. कामं ठरली की टॅबच्या पहिल्या पडद्यावर तेवढीच सहा चिन्हं ठेवा, बाकीची काढा, सगळ्या सूचना बंद करा आणि अपडेट शनिवारी दुपारी हाताने करा. आपोआप अपडेट चालू असेल, तर ते नेमकं तासाच्या मध्यावर सुरू होतं.

इंटरनेट कमी पडतं ही तक्रारही यातूनच हलकी होते. एक साधी चित्रफीत सेकंदाला साधारण ३ मेगाबिट खाते. ३६ टॅबनी एकदम उघडली तर १०८, बारांनी उघडली तर ३६, आणि शिक्षकांनी आदल्या दिवशी उतरवून ठेवली तर शून्य. राउटर दोन असतील आणि दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर असतील, तर त्यांना १, ६, ११ यातले वेगवेगळे चॅनल द्या. शेजारचे आकडे दिले की दोघे एकमेकांवर आदळतात आणि वेग वाढवूनही फरक पडत नाही. राउटर स्टीलच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवलेला असेल, तर आधी तो बाहेर काढा!

टॅबच्या पाठीवर १ ते १४ आकडे मोठ्या अक्षरात चिकटवा आणि कोणत्या गटाला कोणता टॅब ते वर्षभर पक्कं ठेवा. वाटप दोन मिनिटांवर येतं आणि काच फुटली तर कुणाच्या हातून, हा वादही होत नाही. चार्जिंगला लावताना एकावर एक रचू नका. पुस्तकांसारखे उभे, मधे बोटभर फट ठेवून, जाड कव्हर काढून लावा. उष्णता हा लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू आहे. रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंत भरलं तरी पुरे, आणि लांब सुट्टीआधी ५० टक्क्यांच्या आसपास आणून, बंद करून ठेवा. पूर्ण रिकामी बॅटरी दोन महिने पडली की कधीकधी परत चार्जच होत नाही. पाठ फुगलेला किंवा पडदा उचललेला टॅब दिसला, तर तो दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका. कागद-कापडापासून दूर, उघड्या जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे लवकरात लवकर द्या.

उरलेल्या २६ टॅबपैकी नवे, अजून सुरक्षा अपडेट मिळणारे असतील ते दुसऱ्या शाळेला द्या किंवा गरजू मुलांसाठी वाचनालयातून घरी न्यायला ठेवा. देणगीतले असतील तर देणगीदारांची लेखी संमती घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करा. देण्याआधी आतलं खातं सेटिंगमधून काढा, मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे आतलं सगळं पुसून टॅब नव्यासारखा करणं. हा क्रम उलटला तर अँड्रॉइड टॅब नव्या माणसाकडे जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो. आयपॅडवर रीसेटआधी 'फाइंड माय' (हरवलेलं यंत्र शोधायची सोय) बंद करावं लागतं, नाहीतर तोही कुलूपबंदच जातो. शाळेने देऊन टाकलेले टॅब नुसत्या या कारणाने निरुपयोगी होतात.

डिजिटल बोर्डाबाबत आमचं मत थोडं कडक आहे. तो फळ्याच्या मधोमध बसवला असेल, तर बाजूला हलवा. मधोमध बसवलेला बोर्ड फळा खातो, आणि गणित शिकवणाऱ्याला पूर्ण लांबीचा फळा लागतो, जिथे पहिली पायरी दहाव्या पायरीपर्यंत पुसली जात नाही. बोर्ड कायम बंद ठेवायचा, लागेल तेवढी ८-१० मिनिटं लावायचा आणि पुन्हा बंद. चालू पडद्यासमोर बोलणाऱ्या माणसाकडे मुलं बघत नाहीत. शेवटच्या बाकावर स्वतः बसून बघा. जे अक्षर वाचता येत नाही ते त्या वर्गासाठी तिथे नाहीच. बोर्ड प्रोजेक्टरवर चालणारा असेल, तर महिन्यातून एकदा हवेची जाळी काढून धूळ झटका. मध्येच आपोआप बंद पडणारा प्रोजेक्टर बहुतेक वेळा गुदमरलेला असतो. आणि दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका, त्याने दिव्याचं आयुष्य घटतं.

लॅबचं थोडक्यात. जुन्या संगणकांवर बहुधा विंडोज १० असेल, आणि तिला नेहमीची सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. २० पैकी चांगले दहा निवडा, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान साठवण) घाला, रॅम ८ जीबी करा, विंडोजऐवजी हलकं लिनक्स ही मोफत प्रणाली आणि लिब्रेऑफिस हे मोफत लेखन-तक्त्यांचं सॉफ्टवेअर टाका. टंकलेखन, तक्ते आणि प्रोग्रामिंग शिकायला एवढं पुरतं. बाकीच्या दहांतून सुटे भाग काढून ठेवा.

एक सावधगिरी मात्र लाल शाईने लिहून ठेवा. दृष्टी अधू असलेल्या मुलाचं पडदा-वाचक सॉफ्टवेअर, अक्षर मोठं करणारा टॅब, श्रवणयंत्राला जोडलेला मायक्रोफोन, लिहिणं जड जाणाऱ्या मुलाचा कीबोर्ड, यांना या आवराआवरीत हात लावायचा नाही. वहीतली मिनिटं कितीही जास्त दिसली तरी नाही. सगळ्यांसाठी समान साधेपणा लावायला गेलात, तर त्या एका मुलाचा वर्गच बंद होतो.

संस्थाचालकांपुढे 'कमी करू' हा शब्दच आणू नका, तुमची वही ठेवा. शिवाय पेरूचं उदाहरण सांगा. तिथल्या ग्रामीण शाळांत 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' योजनेने संगणकांचं प्रमाण दर मुलामागे ०.१२ वरून १.१८ वर नेलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक आढळला नाही. सामान्य आकलनाच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, तीही सांगा, लपवू नका. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने नोंदवलं आहे की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. पाचवीत आलेलं मूल दहावी संपवेपर्यंत दोनदा. मागे पडण्याची भीती ज्यांना वाटते, त्यांनी या शर्यतीचा वेग बघावा.

पालकसभेत एका पानाचा कागद वाटा. डावीकडे शाळा काय वापरते आणि कशासाठी, उजवीकडे काय वापरत नाही आणि का. त्या दिवशी मुलांनी चेंडूच्या चित्रणावरून काढलेले आलेख भिंतीवर लावा. दुसऱ्या शाळेतल्या बोर्डाच्या आकाराची चर्चा तिथे आपोआप मागे पडते.

नवं काही आत येताना मात्र दारातच अडवा. कुणी फुकट काही देऊ केलं तरी एका शिक्षकाने एका वर्गावर सहा आठवडे वापरायचं, बंद करण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहायची, आणि ठेवायचं ठरलं तर त्याच कामाचं जुनं साधन त्याच आठवड्यात काढायचं. माहिती बाहेर काढता येते का, हे कंपनीला आधी विचारा. उत्तर गोलगोल आलं तर नमस्कार करून परत पाठवा.

क्रम असा ठेवा: हे दोन आठवडे वही, मग ग्रुप, मग टॅबचा बारांचा संच, त्यानंतर बोर्डाची जागा, ॲप वर्षाच्या शेवटी, लॅब मोठ्या सुट्टीत. महिन्याला एकापेक्षा जास्त बदल नको. दोन बदल एकदम केले की बिघडलं नेमकं कशाने, ते कळत नाही.

आणि तो रिमोट. बोर्डाच्या चौकटीच्या बाजूला किंवा खाली चालू-बंदचं बटण बहुतेक असतंच, रोजचं काम त्यावर भागतं. रिमोटच्या बॅटऱ्या काढा, त्याला दीड हात सुतळी बांधा आणि तुमच्या खोलीतल्या किल्ल्यांच्या खिळ्यावर लटकवा. महिनाभर कुणी मागायला आलं नाही, तर त्याचीही नोंद वहीत करा.